किल्ली सुगंधाक्कांकडं

कुरुंदवाडहून सुटलेली एसटी
मला खिद्रापुरात उतरवून धुरळ्यात वळली.
दुपारचे साडेतीन. कुठंतरी पाचट पेटवलेलं.
देवळाच्या पायरीवर एक शेळी झोपलेली,
आठशे वर्षं तिचीच जागा असल्यासारखी.

कोपेश्वरासमोर नंदी नाही.
कुठं आहे, विचारलं तर गुरवाचा मल्लू म्हणाला,
"त्यो व्हय? येडूरला गेलाय की."
जणू दळण घेऊन गेलाय
आणि येईल दिवेलागणीला.

भिंतीच्या बुडाशी हत्ती, खांद्याला खांदा,
पाठीवर अख्खं देऊळ घेतलेले.
मी इचलकरंजीत मागवाल्याच्या ऑफिसात बिलं करते.
बोट आपोआप मोजायला लागलं.
डावीकडून गेले तेव्हा एक आकडा,
उजवीकडून आले तेव्हा चार जास्त.
ताळा लागेना.
बऱ्याच जणांना सोंड नाही.
कोपऱ्यातल्या एकाची तेवढी राहिलीय,
काळी, गुळगुळीत,
येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांनी झालेली.
मीही लावला हात.
थंड होती.

मग गल्लीतून पलीकडं, बस्तीकडं.
कुलूप.
"किल्ली सुगंधाक्कांकडं.
अक्का रेशनला गेल्यात."
कट्ट्यावर बसले. समोरच्या भिंतीवर
निळ्या ऑइलपेंटची एक आडवी रेघ,
माझ्या डोक्याच्याही वर.
कुणी तरी तिच्यावर शेणी थापल्या होत्या,
रेघेच्या खाली तीन, वर दोन.

अक्का आल्या. काखेत तांदळाची पिशवी,
किल्ली पदराच्या गाठीत.
दार करकरलं, वटवाघळांचा वास आला.
त्यांनी मोबाईलची बॅटरी लावली
आणि उजेड आदिनाथांच्या गुडघ्यापासून
हळूहळू वर नेला.
अंगावर काही नाही.
चेहऱ्यावरही काही नाही,
राग नाही, वाट बघणं नाही.
मी उगाच ओढणी सारखी केली.

"ती निळी रेघ पाण्याची?"
"व्हय. त्या साली दोघंबी एकाच पाण्यात.
ह्यो बी, त्यो बी.
दगडाचं देव काय उचलतंय बाई?
मी पितळंची लहान मूर्ती घेतली, तांदळाच्या डब्यात.
इराप्पा गुरवानं महादेवाचा मुखवटा घेतला,
खताच्या पोत्यात.
नाव एकच. शाळा एकच.
तिसरीच्या वर्गात, एका बाकावर दोघं,
नऊ दिवस."

"मग आरती कुणाची आधी व्हायची?"

अक्का हसल्या, दात दोनच.
"ज्याची काडीपेटी कोरडी, त्याची."

एवढ्यात त्यांनी दाराबाहेर बघितलं,
सावली कुठवर आली ते.
"चल, दिवस मावळायच्या आत जेवायचं असतंय माझं.
तू बी घास खा."
ओट्यावर भाकरी, शेंगांची चटणी, लसूण नसलेली,
वर घाण्याच्या तेलाची धार.
त्या घाईघाईनं जेवत होत्या,
परीक्षेची शेवटची पाच मिनिटं राहिल्यासारख्या.
शेवटचा घास, पाण्याचा तांब्या,
आणि उसापलीकडं सूर्य गेला.
"बास," म्हणाल्या.
कुणाला, ते कळलं नाही.

मी परत स्वर्गमंडपात आले.
वर छताला गोल भोक, भोवती खांब उभे,
पंगत संपली तरी उठायचं विसरलेले.
लोक म्हणतात, पुनवेला चंद्र बरोबर मधे येतो.
आज अष्टमी.
अर्धाच होता, आणि जरा कडेला,
पण होता.
खालच्या गोल शिळेवर त्याचा उजेड पडला असं नाही म्हणवत.
अंधार जरा पातळ झाला, एवढंच.
मी मधे जाऊन उभी राहिले
आणि थोड्या वेळानं बाजूला झाले.
मधे उभं राहायला
आपण कोण.

"ताई, गाडी! शेवटची हाय!"

पळता पळता कोपऱ्यावर थांबले.
हत्ती पुन्हा मोजायचे राहिले होते, राहू दे.
बोटांना अजून चटणीचं तेल होतं.
तशाच हातानं
त्या एका सोंडेला शिवले.