अर्धा तंबू

लेस्कोच्या बाजारात शनिवारी
मी फौजेचा जुना माल विकतो.
डबे, पट्टे, एकाच पायाचे बूट
(दुसऱ्या पायाचे पुढच्या गाडीत येतील, असं सांगतो)
आणि हे रेनकोट : जाड सुती, शेवाळी,
रॉकेलचा आणि उंदरांचा वास मारणारे.

गिऱ्हाईक विचारतं, एवढा घोळदार कशाला?
मी म्हणतो, हा अर्धा तंबू आहे, बाबा.
उरलेला अर्धा रांगेत मागेपुढे
दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर चालत असायचा.
रात्री काजं-बटणं जुळवायची, मधे काठी,
की दोघं आत.
एका शिपायाला पुरतं छप्पर
द्यायचंच नाही, असं ठरलं होतं वरती.

नंबर मात्र एकच हवा.
एक बुटक्यांचा, दोन मधल्यांचा, तीन ताडमाडांचा.
एकाला तीन लागत नाही.

परवा ओतिलियाबाई आल्या, सान नदीपलीकडच्या.
पिशवीतून काढला तीन नंबर,
चक्क इस्त्री केलेला.
"सेवेरिनचा. किती देशील?"

मी सवयीनं कडेवरून बोट फिरवलं.
चौथ्या बटणापाशी हिशेब चुकला.
कारखान्याची काजं बुजवलेली,
नवी पाडलेली, आधी दोन बोटं वर, मग चार,
आणि खाली जिथं कापड उरत गेलं
तिथं बारीक चुण्या,
तंबाखूच्या रंगाच्या दोऱ्यानं.

"माझा एक नंबर," त्या म्हणाल्या.
"तेव्हा जो मिळाला तो घेतला."

बाई, हा आता कुठल्याच तीनला लागायचा नाही.
दोनलाही नाही.
याच्या जोडीचा कोट जगात एकच असणार.

"आहे ना. घरी, खुंटीला."

मी वीस झ्लॉटी देऊ केले, चिंध्यांच्या भावानं.
त्यांनी ते मोजलेसुद्धा.
मग एका हेल्मेटखाली सरकवून ठेवले,
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

इतक्यात भुरभुर लागली.
त्यांनी तीन नंबर डोक्यावरून ओढून घेतला.
हात बाहेर काढायच्या फटी
त्यांच्या कोपरांच्या कितीतरी खाली.
मागची कड चिखलातून ओढत
निघाल्या बसथांब्याकडे.

कड खराब होतेय, म्हणून मी हाक मारणार होतो,
तेवढ्यात एक पोरगा आला.
बूट हवा होता त्याला.
डाव्या पायाचा.