दोन टक्के घट

सीपीआरला बुधवारी बोर्ड बसला.
चौपन्नावा नंबर आमचा.
डॉक्टरांनी तनुजाचा पाय वाकवला, सोडला,
कंपासपेटीतलं असतं तसलं काहीतरी गुडघ्याला लावलं
आणि लिहिलं: अडतीस टक्के.
चाळीस लागतात, खिडकीतल्या बाई म्हणाल्या.
दोन कमी पडले.

मी सुभाषनगरची. चपलांच्या वेण्या घालते,
गिऱ्हाईक आलं तर मापही घेते:
जुन्या पेपरवर पाऊल ठेवायचं, पेन्सिल फिरवायची,
गुदगुल्या होतात, मोठी माणसंसुद्धा हसतात.
कुणाचा अंगठा बाहेर, कुणाची टाच फाकलेली,
बारा वर्षांत सगळे पाय बघितले,
पण पाय टक्क्यांत मोजतात
हे त्या दिवशी कळलं.
तनुजाच्या डाव्या चपलेला मी तीन थर जादा चिकटवते.
ते थर कुठल्या रकान्यात भरायचे?

वॉर्डातल्या आयानं औषधाच्या बिलामागं एक नंबर दिला.
लावला. हा क्रमांक सेवेत नाही.
शाहूपुरीत पत्ता होता, तिथं आता मोबाईलचं दुकान.
पोरगा म्हणाला, ते व्हय, ते लक्ष्मीपुरीत गेले.
लक्ष्मीपुरीत पोत्यावर बसलेल्या हमालानं विचारलं,
"कसली संस्था? पतसंस्था?"
म्हटलं, "माणसांची."
"तसली हिकडं न्हाई."
निम्मी वाट पोर पाठुंगळी.
जयंती नाल्याचा पूल दोनदा ओलांडला.

शेवटी मंगळवार पेठ, पिठाची गिरणी,
तिच्यावर पाटी.
आधी हसू आलं, मग राग.
अपंगांची संस्था, आणि चढायला सतरा पायऱ्या!
भिंतीला दोरी लोंबत होती,
शेजारी खडूनं लिहिलेलं, तनुजानं वाचलं:
ओढा. आम्ही येतो.
ओढली. वर घंटा वाजली,
म्हशीच्या गळ्यातली असावी.

मगदूम सर आले ते बसूनच,
हातांवर अंग उचलत, एकेक पायरी,
पँटीच्या बुडाला टायरचा तुकडा शिवलेला.
चामड्यातली बाई मी, नजर आधी शिवणीवर.
टाके लांब पडले होते.

लहानपणी पोलिओ. मग एकतीस वर्षं
मार्केट यार्डात गुळाच्या काट्यावर.
त्यांनी कागद उजेडाला धरला.
"गुळाला घट धरतात, ताई, ओल सुकते म्हणून.
पोरीच्या पायाला कसली घट?
फेरतपासणी मागू. लिहा."
मला नीट लिहायला येत नाही, मी म्हटलं.
"मग सांगा. ती सकाळी उठते तिथनं सांगा."

मी सांगत गेले.
मोरीचा उंबरा.
प्रार्थनेची रांग, जी तिच्याआधी वर्गात पोचते.
रंकाळ्यावर बाकीची पोरं पळतात
आणि ही सगळ्यांच्या चपला सांभाळत बसते.
इथं माझा आवाज गेला.
हे मला ठाऊक होतं,
हेच मला ठाऊक नव्हतं.
सरांनी तेही लिहिलं.
खाली गिरणी चालू होती, शाईवर पीठ बसत होतं.

फेरतपासणीची तारीख अजून आलेली नाही.
सर म्हणतात, येईल, नाहीतर आणू.
त्यांच्या बुडाला आता माझं चामडं आहे,
दुहेरी टाका.
आणि माझ्या पिशवीत कातरणीचे तुकडे असतात.
तनुजा त्यांवर पत्ता काढते, मी आरीनं टोचते.
कागद भिजतात, नंबर बदलतात.

परवा औषधाच्या खिडकीपाशी
राधानगरीकडचा एकजण भेटला, मुका मुलगा बरोबर,
बिलामागं लिहिलेला तोच जुना नंबर लावत होता.
त्याच्या हातात तुकडा दिला.
तो फाटकाशी पोचला तेव्हा आठवलं,
मुख्य गोष्ट राहिलीच,
मागून ओरडले:
दोरी जोरात ओढा हो,
गिरणीचा आवाज असतो!