पत्र देते. जाते.

लिहितात भलतंच, म्हणतात किथली.
या गावात मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये
दर मंगळवारी, वॉर्डातली शिफ्ट संपली की,
मी दासी होते.

नाटक जुनं. सरदाराची मुलगी, घड्याळजीचा मुलगा,
मध्ये एक तळं.
मला सोळा वाक्यं. त्यातली नऊ, "होय, बाईसाहेब."
बाकी सगळं कंसातलं:
पत्र देते. जाते.
दिवा विझवते. जाते.
दारामागे उभी राहून ऐकते. जाते.

"तुझ्या आवाजात ऊब आहे," असं म्हणून
मिस्टर ओल्डरॉयडनी हे काम मला दिलं.
ऊब. बरं.
बाकीच्या बायकांच्या आवाजात काय होतं
ते कोणी विचारलं नाही. मीही मूग गिळले.

पत्र म्हणजे खरं तर कोणाची तरी वाणसामानाची यादी.
बेथनी थरथरत वाचते,
"तुझ्याविना ही रात्र मला सरत नाही,"
आणि कागदावर असतं: अंडी, ब्लीच,
मांजराचं खाणं, आईच्या गोळ्या.
दासीला अक्षर येत नाही, असं नाटककाराचं म्हणणं.
म्हणूनच पत्र तिच्या हाती.

माझ्या आईलाही येत नव्हतं.
मिरजेला डॉक्टर आठल्यांच्या बंगल्यावर
धुणं, भांडी, आणि धाकट्या कुमुदताईंच्या चिठ्ठ्या
पोलक्यात खोचून
स्टेशनमागच्या सायकलच्या दुकानात.
"पोटात ठेवा हं, तानूबाई."
आईचं पोट मोठं. मावलं त्यात सगळं.
भाकरी तेवढी कधी पुरली नाही.

ताई विहिरीत सापडल्या त्या सकाळी
मालकीणबाईंनी पहिला प्रश्न आईला विचारला.
दुसरा विचारलाच नाही.
महिना भरायला चार दिवस होते. पगार गेला.
आई घरी आली तेव्हा हाताला राख तशीच,
अर्धी भांडी मोरीत टाकून आलेली.
मी नऊ वर्षांची. मला वाटलं,
हिच्या हातून काचेचं काहीतरी फुटलं.

पत्र घेण्याआधी मी पदराला हात पुसते.
म्हणजे एप्रनला.
"हे कुठून आणलंस?" ओल्डरॉयड खूश.
"सहज," म्हटलं.

पाचव्या अंकात दोघांना तळ्यातून आणतात.
ओल्या चादरी, खाली प्लास्टिक.
सरदार बोलतो, पाद्री बोलतो,
घड्याळजीसुद्धा चांगला पानभर बोलतो.
मोठ्यांचा पश्चात्ताप फार लांबतो.
मी मागे, खांबाशी. मला वाक्य नाही.
कंसही नाही.
चार वेळा संहिता चाळली,
शेवटचं "जाते" कुठेच लिहिलेलं नाही.
उद्या ती कोणाकडे कामाला लागते,
तिला कोणी ठेवून घेतं का,
रात्री दार वाजलं तर उठून बसते का.
यावरच पडदा पडतो.

शनिवारी, शेवटच्या प्रयोगाला,
मी खांब सोडला.
बेथनीचे बूट निसटून दोन दिशांना पडले होते.
उचलले. एप्रनने पुसले.
तिच्या पायांशी जोडीने लावले,
सकाळी उठून घालेल असे.
सरदार वाक्य विसरला. कोणीतरी खोकलं.
मग मी तिथेच बसले, खाली, प्लास्टिकवर,
दिवे जाईपर्यंत.

ओल्डरॉयड काही बोलले नाहीत.
चहा आणून दिला,
न विचारता दोन चमचे साखर घातलेला.

खुर्च्या रचून निघताना
खिशात यादी लागली हाताला.
बसस्टॉपसमोरचं दुकान दहापर्यंत उघडं असतं.
अंडी घेतली. ब्लीच घेतलं.
मांजर माझ्याकडे नाही.
गोळ्यांपाशी जरा वेळ उभी राहिले.