शिक्का

टेबलाच्या दुसऱ्या खणात दोन शिक्के असतात.
एक ‘फिट’. त्याचं रबर इतकं झिजलंय
की ‘ट’ अर्धाच उमटतो.
दुसरा ‘अनफिट’.
अकरा वर्षांत त्याला शाई लागलेली मी पाहिली नाही.
नवा लागलो तेव्हा हेडक्लार्क च्यारी म्हणाले होते,
सुटं वाचायचं रे: अन् फिट.
आणि हसले. मीही हसलो.
नोकरी नवी होती.

केप्याच्या वर, खाणीचं पाणी जिथे ओढ्याला मिळतं,
तिथल्या वाड्याच्या नळाचा नमुना
महिन्यातून एकदा आणायचा असतो.
जीप नसायची.
जीप असली की ड्रायव्हर नसायचा.
मग मागच्या महिन्याचे आकडे या महिन्यात उतरवायचे,
लोह तेवढंच, मँगनीज तेवढंच,
पावसाळ्यात गढूळपणाचा शेवटचा आकडा थोडा वाढवायचा,
खरं वाटावं म्हणून.

एका गुरुवारी इनासिन आली.
मासळीची पाटी बाहेर पायरीवर ठेवून,
नातवाच्या अक्षरातला अर्ज घेऊन.
प्रश्न एक: आमच्या नळाचे अकरा वर्षांचे अहवाल.
प्रश्न दोन: तपासायला कोण आले, कुठल्या वाहनाने.
प्रश्न तीन: तुमच्या ऑफिसात पिण्याचे पाणी कुठून येते?

तीस दिवस लागतील, म्हणालो.
“रावतां,” ती म्हणाली, “रावपाची संवय आसा.”

एकशे बत्तीस पानं.
झेरॉक्सच्या काचेखालून हिरवा उजेड सरकत राहिला
आणि प्रत्येक पानावर माझी सही.
पहिल्या वर्षी गोल, वळणदार, नावाखाली दोन टिंबं.
पुढे टिंबं गेली, मग आडनाव गेलं,
शेवटी नुसती एक रेघ,
दाराला कडी घालावी तशी.

दुसऱ्या प्रश्नापुढे आम्ही लिहिलं: माहिती उपलब्ध नाही.
तिसऱ्यापाशी साहेबांनी तीनदा पेन उचललं.
‘सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही’, असं सुचवलं कुणीतरी.
पण बिलं कपाटात होती, लाल दोऱ्यात बांधलेली,
महिन्याला एकेचाळीस जार, वीस लिटरचे.
मंजूर. खाली साहेबांची सही,
अजून वळणदार.

पानाला दोन रुपये.
इनासिननं दोनशे चौसष्ट मोजले,
बांगड्याचा वास असलेल्या नोटा आणि वर दोन दोनची नाणी.
स्वतःच्या पाण्याबद्दलचं खोटं
तिनं रोख पैसे देऊन विकत घेतलं.
मी पावती फाडली.

मग पिशवीतून फेणीची जुनी बाटली काढली तिनं.
बुचावर कपेलातल्या मेणबत्तीचं मेण.
आत नळाचं पाणी, तळाशी बोटभर तांबडं.
“तपास हें. म्हज्या मुखार.”

तपासलं.
रसायनाची मुदत दोन वर्षांमागे संपलेली,
तेही सांगितलं तिला.
च्यारींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला,
पुन्हा काढला.
रंग चढला तो आमच्या तक्त्यावर नव्हताच,
तक्ता संपल्यावरही तो गडद होत गेला.

खण उघडला. शाईचं पॅड सुकून खपली झालेलं.
जार दाराशीच होता,
पण तिनं बाटली पुढे केली.
चार थेंब.
शिक्का ताठरला होता, पहिल्यांदा उमटलाच नाही.
दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी दाबला.
‘अन’ स्पष्ट आलं.

“किदें बरयलें?” तिनं विचारलं.
सांगितलं.
ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली.
मग खालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं,
खवल्यांनी चिरलेलं बोट.
“आनी सय?”

रेघ नाही मारली.
उल्हास शाणू वेळीप, असं लिहिलं,
बापाच्या नावासकट, हुद्द्यासकट.
केबिनमधली घंटा वाजली, परत वाजली.
मी तारीख घालत होतो.