नावाचा रकाना

नवव्या दिवशी लावण्या म्हणाली, डोकं दुखतंय.
आम्ही कपाळाला फडकं आवळलं,
ओव्याची शेगडी खाटेखाली सरकवली.
आई म्हणाली, बाळंतवारा, दुसरं काय.
दोन दिवस आम्ही वाऱ्यावरच आळ घेत बसलो.

अकराव्या दिवशी पहाटे
तिनं पोरीला पाजायला घेतलं
आणि उजवा हात आलाच नाही.
पोरगी मांडीवर घसरली.
लावण्याचा ओठ एका बाजूला उतरलेला,
माझ्याकडे बघून ती काहीतरी म्हणाली
ते मराठी नव्हतं,
तेलुगूही नव्हतं.

विडी घरकुलातून सिव्हिलपर्यंत रिक्षात
माझ्या मांडीवर पोरगी, खांद्यावर तिचं डोकं.
डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली.
मेंदूच्या शिरेत रक्त गोठलंय, म्हणाल्या,
बाळंतपणानंतर होतं असं कधीकधी,
हजारोंत एखादीला.

हजार म्हणजे किती, ते मला ठाऊक आहे.
हजार म्हणजे सकाळी सहापासून दिवे लागेपर्यंत,
पंचवीसचे चाळीस कट्टे.
त्यातली एक विडी चेकर उचलतो, दाबतो,
छाट म्हणून बाजूला टाकतो.
का, ते विचारायचं नसतं.
डॉक्टरीणबाईंना मात्र मी विचारलं.
त्या बराच वेळ पेन उघडत-मिटत राहिल्या.

बारशाचा दिवस वॉर्डातच गेला.
आत्या मी. कानात नाव मी सांगायचं,
पण ते ठरवलं होतं लावण्यानं,
माझ्या भावालाही कळू दिलं नव्हतं.
पाळण्यापाशीच सांगते वदिना, म्हणायची, हसायची.
भाऊ टॉवेलच्या मागावर, रात्रपाळीला.
तो म्हणतो, माग शहाणा असतो,
धागा तुटला की आपला आपण थांबतो.
एवढंच म्हणतो. डबा घेतो, जातो.

महापालिकेतल्या बाई म्हणाल्या,
नावाचा रकाना कोरा राहू द्या,
वर्षभरात भरला तरी चालतो.

आता मे लागलाय.
पाय आला तिचा, फरफटत का होईना.
शब्द आला एकच: नीळ्ळु.
पाण्याला नीळ्ळु, भुकेला नीळ्ळु,
पोरगी रडली तरी नीळ्ळु.

आज दुपारी पानं कातरून मी उठले,
हात धुऊन परत येते तर
सुपातल्या तंबाखूच्या भुकटीत
तिनं डाव्या बोटानं काहीतरी काढलेलं.
एक वळण, वर तुऱ्यासारखी रेघ.
मी मराठी शाळेतली. ती अक्षरं मला येत नाहीत.
शेजारचे चिलवेरी मास्तर चष्मा पुसून वाकले.
म्हणाले, 'स' असेल.
किंवा 'व', अर्ध्यात सुटलेला.
मग म्हणाले, नुसती रेघही असेल की वो.

लावण्या मास्तरांकडे बघतच नव्हती.
पोरीकडे बघत होती, मग माझ्याकडे,
मग सुपाकडे.

अजून सहाशे व्हायच्यात.
बेचाळीस डिग्री आहे म्हणतात बाहेर.
पोरगी घामानं निथळतेय,
आणि मी पंखा बंद केलाय.