टेकू

विनिपेगची माती चिकण, काळी.
बर्फ वितळलं की पाणी पिऊन फुगते, ऑगस्टात भेगाळते,
आणि तिच्यावरची घरं
झोपेत कूस बदलावी तशी
दर वर्षी जराशी सरकतात.
माणसांना कळत नाही. दारांना कळतं.

ओरेस्ट हाव्रिल्युकच्या जेवणाच्या खोलीतला गालिचा निघाला
आणि मी दिवसभर गुडघ्यांवर बसून
नुसत्या पिना उपटल्या.
पक्कड, पिन, डबा. पक्कड, पिन, डबा.
दर थोड्या वेळानं म्हातारा दारात: "अजून किती?"
लॅमिनेटची खोकी भिंतीशी आडवी.
म्हटलं, असू देत दोन दिवस,
त्यांनाही या घराची हवा लागू दे.

मग सहा फुटी पट्टी टेकवली
आणि गाल जमिनीला लावून पाहिलं.
पट्टीखालून उजेड आला.
आमच्या धंद्यात उजेड ही वाईट बातमी.
जिथे उजेड तिथे खड्डा,
जिथे पट्टी डुगडुगली तिथे उंचवटा.
पेन्सिलीनं गोल काढत गेले, गोलात आकडे;
संध्याकाळपर्यंत खोलीभर तळी झाली
आणि मधोमध एक टेकाड.

"झाकलं जाईल की सगळं," ओरेस्ट म्हणाला.
सगळे असंच म्हणतात.
मी त्याला एक फळी काढून दाखवली:
हिला जीभ असते, ही बघा,
शेजारणीच्या खाचेत अडकवलेली.
खाली पोकळी राहिली
की पावलागणिक ती चावली जाते,
एक दिवस तुटते,
आणि मग ती फळी कुणाशीच धरून राहत नाही.
यावर तो बराच वेळ गप्प होता.
नंतर कळलं, धाकट्या भावाशी
त्याचं तीस वर्षं बोलणं नव्हतं.
मी फळीबद्दलच बोलत होते.

करकरणारा प्लायवूड स्क्रूंनी तुळयांना आवळला.
टेकाड घासलं. धूळ ओढून घेतली, प्रायमर मारला.
बादलीत मिश्रण कालवलं,
गुठळी राहू न देता, सरसरीत,
आणि ओतून हात मागे घेतला.
पुढचं ते आपलं आपण करतं.
जिथे कमी तिथे जातं,
भरलं की थांबतं,
वर चढून बसत नाही.
असा माणूस भेटता
तर मीही संसार केला असता.

"पण खोली अजून खिडकीकडे उतरतीच आहे,"
ओरेस्टनं गोटी सोडून सिद्ध केलं.
सपाट वेगळं, समतल वेगळं, मी म्हटलं.
उतार आहे तर असू दे, तो घराचा स्वभाव.
मला खड्डा नको.
गोटी खिडकीकडे गेली खरी,
पण सरळ, वाटेत कुठे न अडखळता.

चौथ्या दिवशी फळ्या पडल्या. टक्, टक्,
जीभ खाचेत, जीभ खाचेत.
टेबल परत आलं. ओरेस्ट आपल्या खुर्चीकडे निघाला
आणि मधेच झोक गेला त्याचा.
नाचता न येणारे अंगणाला नावं ठेवतात;
हा पन्नास वर्षं वाकड्या अंगणातच नाचला होता,
पाऊल सवयीनं खड्डा शोधत गेलं
आणि जमीन आधीच भेटली.

ओल्हानं बीटाचं सूप वाढलं.
टेबल डुगडुगलं. लाल थेंब नव्या फळीवर.
दोघांनी माझ्याकडे पाहिलं,
मी माझ्या पट्टीकडे.
मग ओल्हाच वाकली, हळूहळू, एका हातानं खुर्ची धरून,
आणि टेबलाच्या मागच्या पायाखालून
एक घडी ओढून काढली:
बियाण्याच्या जुन्या पाकिटाची, आठ पदरी,
दाबून दाबून पत्र्यासारखी झालेली.

टेबल थांबलं. सूप खिडकीकडे झुकून थांबलं.
मी डबा पुढे केला, पिनांचा, कचऱ्यासाठी.
तिनं मान हलवली,
घडी पुसून एप्रनच्या खिशात टाकली.
"राहू दे," म्हणाली. "माती तीच आहे."