घट

हुपरीत आमच्या गल्लीत रात्री एकच घर निळं असायचं.
नवखा माणूस विचारायचा, बर्फाचा कारखाना हाय काय?

मी पैंजणांना डाग देणारा. तारेचं थोडंफार कळतं.
डॉक्टरांनी सांगितलं तसा कॉटवर सांगाडा बांधला,
बारा नळ्या, खाली आरसा.
सोनल त्यात निजायची,
अंगात चड्डी, डोळ्यांवर पट्टी.

नाव बारशाला ठेवलं, तेव्हाच पिवळी होती पोर.
बायका म्हणाल्या, शोभतंय.
काविळीची माळ ठेवली डोक्यावर. उतारा पडला की लांबते म्हणतात.
माळ गुडघ्यापर्यंत आली,
कावीळ डोळ्यांतच राहिली.

मामाचीच पोरगी केलेली मी.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन गोल काढले,
दोन्ही अर्धे अर्धे काळे केले.
सुमन कागद बघत राहिली, मी पेन.
त्यावर आम्ही अजून बोललेलो नाही.

वय वाढलं की कातडी जाड होते, उजेड कमी शिरतो.
आठ तासांचे बारा झाले, बाराचे चौदा.
पन्हाळ्याची सहल मुक्कामाची होती,
तिनं डबा भरून घेतला आणि घरीच खाल्ला.
पुराच्या साली सहा दिवस करंट नव्हता;
तिला उघडी घेऊन मी टेरेसवर उभा,
ढगात ऊन कुठं फाटतंय ते बघत.

मग पुण्याला बदलायचं ठरलं.
काय, तर काळीज.
दर रविवारी मटणाच्या दुकानात म्हणायचो, वाईच काळीज टाक.
त्या रविवारी शब्द तोंडातनं निघंना.
अर्धा किलो नुसतंच घेऊन आलो.

माझंच कापलं, डावीकडचं.
आमच्या धंद्यात वितळवलं की घट येते,
ती कोण भरून देत नाही.
इथं म्हणे आपोआप भरतं, दोघांचंही.
मी दोनदा विचारून घेतलं.

चार महिन्यांनी घरी आलो. नळ्या उतरवल्या.
पहिल्या रात्री ती उठून बसली.
पप्पा, लाईट गेली?
न्हाई. घालवलीया.
बराच वेळ गप्प. मग म्हणाली, काय दिसंना.
असंच असतंय, म्हटलं, सगळ्यांच्यात.

तीनला सवयीनं इन्व्हर्टर बघायला उठलो.
हात लावला. गार.
परत येताना उंबऱ्याला ठेचकाळलो.
नऊ वर्षांत या घरात
मला कधी चाचपडावं लागलं नव्हतं.